तळाची चिठ्ठी

गल्लीतल्या लोकांच्या दुआंच्या चिठ्ठ्या टेलरचाचांच्या बायकोनेच गोळा करून पिशवीत भरल्या होत्या. यात्रेला दोघांनी यायचं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी ती गेली आणि चाचा एकटेच आले. तिचं दुखणं जीवघेणं आहे, हे त्यांनी तिला शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी मशिदीच्या अंगणात बसून, चिठ्ठ्या वाचत, दुआ मागत ते कुणाची नोकरी, कुणाचा गुडघा, दुकानातले कपडे शिवावेत तसं एकेक हातावेगळं करत होते.

"चाचा, स्वतःसाठीही मागा की काहीतरी!" शेजारचा यात्रेकरू म्हणाला.

"आता माझं काय राहिलंय?"

त्यांनी तळाची चिठ्ठी उघडली. अक्षर तिचं होतं.

 

"या अल्लाह, माझ्यामागे ह्यांना स्वतःपुरता चहा तरी करता येऊ दे."