नवऱ्याकडून हवी असलेली माहिती

“त्याच्याकडून कागद मागवायचेच का?” उर्वीने पुन्हा विचारलं.

अरुंधती वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तुकोगंजमधल्या त्यांच्या ऑफिसात एसी चालू होता, तरी उर्वीच्या वरच्या ओठावर घाम होता.

“हे बघ, घटस्फोट तर मिळेल. नवरा अडीच वर्षांपासून बेपत्ता, नोटिशीला जवाब नाही. पण आर्याच्या खर्चाचं काय? पोलोग्राउंडला त्याचं चांगलं चालतं वर्कशॉप होतं. त्याची मिळकत, बँकेची स्टेटमेंटं, प्रॉपर्टीचे कागद, सगळं कोर्टासमोर यायला हवं. त्याने दिलं नाही, तर आपण थेट बँकेलाच विचारायला लावू.”

“बँकेला नको.”

“का?”

उर्वी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “मला त्याचं काही नको, ताई. फक्त मोकळं करा. मला आर्याला घेऊन पुण्याला बदली घ्यायचीय.”

“मारायचा का ग तो?”

उर्वीने होकारार्थी मान हलवली. “माझं चालून गेलं असतं. पण मग त्याने आर्यावर हात उचलला.”

अरुंधतींनी अशा खूप बायका पाहिल्या होत्या. नवरा शहरात नसला तरी त्याच्या सावलीला भिणाऱ्या. त्यांनी अर्जाचा मसुदा तिच्यापुढे सरकवला. “कर सही. आता घाबरायचं काम नाही.”

उर्वीने पेन दोनदा टेकवून उचललं आणि मग सही केली.

कोर्टाने अर्ज मंजूर केला. उन्मेष दिघे यांनी पुढच्या तारखेपर्यंत आपल्या मिळकतीची सगळी माहिती आणि कागदपत्रं हजर करावीत, असा आदेश निघाला. पत्त्यावर पाठवलेली पाकिटं आधीही परत आली होती, म्हणून कोर्टाच्या परवानगीने अरुंधतींनी तो आदेश उन्मेषच्या जुन्या व्हॉट्सअॅप नंबरवरही पाठवला.

एकच टिक आली.

त्यानंतर उर्वी रोज संध्याकाळी फोन करायची. “अजून एकच आहे ना?”

“एकच.”

“बरं,” ती म्हणायची आणि मोठा श्वास सोडायची.

एका दुपारी ती आपल्या ऑफिसात जागेवर चहा पीत असताना अरुंधतींचाच फोन आला. आवाजात उत्साह होता. “उर्वी, मेसेज पोहोचला! दोन्ही टिक निळ्या झाल्या. वाचलंय त्याने.”

चहा कीबोर्डवर सांडला.

“दुसऱ्या कुणाला दिला असेल तो नंबर,” उर्वी कशीबशी म्हणाली. “बंद पडलेले नंबर देतात ना दुसऱ्यांना.”

“अग, जवाब आलाय. ऐक. ‘तारखेला येतो. सगळे कागद आणतो. आर्या कशी आहे?’ आर्याचं नाव दुसऱ्या कुणाला कसं ठाऊक असेल?”

उर्वीने फोन कापला. शेजारच्या टेबलावरची सुरभी तिला पाणी द्यायला उठली, तेव्हा ती पर्स घेऊन निघालीही होती.

शाळेतून आर्याला तिने मधल्या सुट्टीतच घरी आणलं. गेटवरच्या गार्डला बजावलं, “भैया, माझ्याशिवाय कुणाच्याही हाती द्यायचं नाही हिला. कुणी तिचा पप्पा आहे म्हणाला तरी नाही.” घरी येऊन कडी लावली आणि दारामागे सोफा ओढला. जिन्यात पावलं वाजली की ती स्वयंपाकघरातच उभी राहायची, गॅस बंद करून.

“बाबा येणारेत का?” आर्याने विचारलं.

“कुणी सांगितलं तुला?”

“तूच झोपेत म्हणत होतीस. येऊ नकोस, येऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी तिने आर्याला देवासला मावशीकडे पोचवलं.

अरुंधतींना उर्वीची अवस्था पाहवेना. “आपण पोलिसांत अर्ज देऊन ठेवू. तारखेला एक लेडी कॉन्स्टेबल सोबत मिळेल.”

“पोलीस नको!” उर्वी एवढ्या जोराने ओरडली की बाहेरचा कारकून दारात आला. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “अर्ज परत घ्या, ताई. केसच परत घ्या.”

“तेच तर हवंय त्याला. आता माघार घेतलीस, तर जन्मभर भीत राहशील.”

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती अरुंधतींच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभी होती. येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे आधी बघायची आणि मग नजर फिरवायची.

“उर्वी दिघे बनाम उन्मेष दिघे!” शिपायाने पुकारा केला.

दोघी आत कोर्टापुढे जाऊन उभ्या राहिल्या, तेवढ्यात उन्मेष आला. कुबडीवर भार देत, उजवा पाय ओढत. खूप वाळला होता. बगलेत फाइल होती. अरुंधती पुढे होऊन दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या, पण त्याने उर्वीकडे पाहिलंही नाही. त्याने फाइल कोर्टाच्या बाबूकडे दिली.

जज मॅडमनी पानं चाळली. “सब दे दिया आपने?”

“जी. जो-जो माँगा था, सब है.”

अरुंधतींनी उर्वीचा हात दाबला. “बघ, झालं की नाही? काही केलं का त्याने?” त्या कुजबुजल्या.

“मॅडम,” उन्मेष म्हणाला, “मुझे भी इनसे एक जानकारी चाहिए.”

“लिखकर दीजिए.”

“दूँगा. लंबी नहीं है. एक ही बात पूछनी है.”

मग तो कुबडी फिरवून उर्वीकडे वळला आणि घरी बोलावं तसं मराठीत, अगदी हळू म्हणाला, “सिमरोलच्या विहिरीत मला ढकललंस, ते मी समजू शकतो. पण मी आतून तुला हाका मारत होतो, तेव्हा वरचं झाकण का ओढलंस?”