चौदा महिन्यांचं टंगस्टन

वडगावच्या मंजुश्रीनं कॉलेजच्या संगणकावर चौदा महिने टंगस्टनच्या अणूंचं गणित चालवलं होतं. सूर्यासारखं तापणाऱ्या अणुसंमीलनाच्या भट्टीत ते अणू किती ऊर्जा बाहेर टाकतात, ही आकडेमोड संपायला आठवडाच उरला होता. सोमवारी येऊन पाहते, तर सगळ्या फाईली गायब.

"नागराजअण्णा, कुणी हात लावला ह्याला?" ती ऑपरेटरवर कडाडली.

"प्रिन्सिपलसरांनी पुसायला लावल्या गं. नुसतं आकडंच हुतं की त्यात! जागा लई कमी पडत हुती."

"आणि एवढी जागा कशाला पायजे हुती?"



"ह्या संशोधनाबद्दल शनवारी तुझा सत्कार केला न्हवं, त्येचा व्हिडिओ ठेवायचा हुता."