वाकडा दात

कुमुदताईंनी भिंतीवरचं कापड उतरवून मांडीवर घेतलं. नवरा गेला त्या वर्षी, ऋजुता पाळण्यात असताना, त्याचा फोटो समोर ठेवून त्यांनी त्यावर त्याचा हसरा चेहरा धावदोऱ्याने भरला होता.

"आई, बाबांचा दात वाकडा टाकलायस तू. हे बघ, किती सरळ आहेत!" ऋजुताने मोबाइलमधला तोच फोटो पुढे केला.

फोटोत दात खरंच सरळ होते. हल्ली मोबाइलमधले सगळेच फोटो आपोआप सुधारले जात. आज एखादा तीळ जाई, उद्या एखादी सुरकुती, आणि मूळ फोटो कुठेच उरत नसे. कुमुदताईंना हे ठाऊक होतं, पण आता त्यांनाही तो चेहरा नीट आठवेना.

"माझंच चुकलं असेल," म्हणत त्यांनी तो दात उसवायला कात्री उचलली.

"अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस!" ऋजुता खळखळून हसली.

कुमुदताई तिच्याकडे बघतच राहिल्या. तिचा वरचा दात शेजारच्यावर चढलेला होता, अगदी मांडीवरच्या कापडातल्या दातासारखा.

त्यांनी कात्री ठेवली.

"सुईत दोरा ओवून दे," त्या म्हणाल्या, "आणि अशीच हसत माझ्यासमोर बस."