'इरल्या'बद्दल वाचकांची मतं

चित्रं झकास. पण पान चौदावर इरल्या आपलं इरलं त्या मुलीवर पांघरतो आणि पान पंधरावर ते पुन्हा त्याच्या पाठीवर. दुसरं आलं कुठून?

वाळूचोरांना उलटं टांगतो तो भाग तीनदा वाचला. आमच्या वाडीला पाठवा त्याला.

तो महाडचा की पोलादपूरचा, ते एकदा ठरवा. घरात भांडणं होतात.

पुरातून वाचलेली पोरगी आभार मानायचं सोडून 'माझे रंग, माझे रंग' म्हणून भोकाड पसरते. हसू आलं. पोरं अशीच असतात.

आभार घ्यायला तो थांबत नाही, हे आवडलं. थांबला असता तर तो इरल्या कसला.

चेहरा कधी दाखवणार?

ग्रंथपाल दीप्तीबाईंनी शेवटची चिठ्ठी खाली ठेवली. महाडच्या वाचनालयात बसलेली माणसं अजून हसत होती. अनुष्काही हसली, पण तिचं लक्ष चिठ्ठ्यांत नव्हतं. ती समोरची तोंडं न्याहाळत होती.

पोलादपूर तिचं आजोळ, वाढली मुंबईत. 'इरल्या' हे तिचं पहिलंच चित्रपुस्तक. रात्री खोऱ्यात फिरणारा, गरिबाचा वाली, चोरांचा काळ असलेला हा माणूस तिच्या डोक्यातून आलेला. पान चौदा तेवढं खरं होतं.

आठ वर्षांची असताना वरंधजवळच्या फरशी पुलावर त्यांची जीप पुरात अडकली. भातलावणी टाकून धावत आलेल्या एका माणसानं आधी आईला आणि मग तिला काठावर आणून ठेवलं. पावसात कुडकुडत होती म्हणून स्वतःच्या पाठीवरचं पानांचं इरलं तिच्यावर घातलं. आणि गेला. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीनं मायलेकींना त्याच संध्याकाळी मुंबईच्या वाटेला लावलं.

मोठी झाल्यावर ती वरंधला जाऊन विचारून आली. लोक म्हणाले, त्या वर्षी जो तो पाण्यात होता, कोणाकोणाचं नाव सांगायचं. मग तिनं पुस्तक काढलं. ते फिरत फिरत त्याच्या हाती पडेल, तो कधीतरी समोर येईल आणि तिला त्याच्या पाया पडता येईल, एवढ्याचसाठी.

"दुसऱ्या इरल्याचं काय ते सांगा," कोणीतरी म्हणालं.

"चूक माझीच," अनुष्का म्हणाली. "पण पाठीवर इरलं नसेल तर तुम्ही त्याला ओळखणार कसे?"

"त्याच्याकडं एकच होतं."

आवाज मागच्या बाकावरून आला. पांढरी टोपी घातलेला म्हातारा, मांडीवर कापडी पिशवी. बोलून झाल्यावर तो खाली बघू लागला.

"जानूआजोबा, शिवथरहून आलात काय हेच सांगायला?" दीप्तीबाई म्हणाल्या. पुन्हा हशा पिकला.

अनुष्का हसली नाही.

चहा सुरू झाला तशी ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. "एकच होतं, हे तुम्हाला कसं माहीत?"

"गरिबाकडं दोन कशाला असतील?"

"बाबा, तुम्हीच ना ते?"

"नातीनं पुस्तक आणलं घरी. म्हटलं, बघून यावं कोन पोर हाय."

"हे उत्तर नाही झालं."

जानू पिशवीची गाठ चाचपत राहिला. "आनि तो आता नसलाच तर?"

"तर काय," अनुष्का म्हणाली. "मी आभारसुद्धा मानले नाहीत हो. रंगांसाठी रडत बसले. तो पाठ फिरवून गेला. रुसून गेला असेल, असं वाटायचं मला. अजून वाटतं."

"रुसला नाय. लहान होतीस गो बाय." मग त्यानं विचारलं, "रंग भेटले मंग?"

"आईनं आठवड्याभरात नवे घेऊन दिले."

"नवे."

"हो. होती त्याहून मोठी पेटी."

पिशवीच्या गाठीवरचा हात त्यानं काढून घेतला.

"बरं झालं," तो म्हणाला. "पड. पड पाया."

ती वाकली. कपाळ त्याच्या पायावर टेकलं तेव्हा तिला रडू आवरेना. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोचलं गो बाय. पोचलं."

मग तिनं वही काढली. इतकी पानं बिनचेहऱ्याचा राहिलेला माणूस आता समोर होता. ती भराभर रेघा ओढू लागली. जानू मान लांब करून बघत होता.

"नाक सरळ कर. तवा सरळ होतं."

तिनं नाक सरळ केलं.

"केस कुरळे. आनि हितं, हनवटीला खळी."

"खळी कुठंय तुम्हाला?"

"तू काढ तर."

तिनं खळी काढली. कागदावर विशी-बाविशीचा एक पोरगा हसत होता. "ऐटदार होतात की," ती म्हणाली.

"लई," जानू म्हणाला. "ऐकायचा नाय कोनाचं."

त्यानं चित्र हातात घेतलं. चहा निवून गेला तरी बघत होता. मग म्हणाला, "हे मला दे. तुझ्याकडं दुसरं होईल."

अनुष्कानं पान फाडून दिलं. त्यानं पिशवी जराशी उघडली, चित्र आत सरकवलं आणि गाठ पुन्हा मारली. शिवथरच्या एसटीपर्यंत ती त्याला सोडायला गेली. खिडकीतून त्यानं हात हलवला. तिनं परत वाकून नमस्कार केला. इतकी हलकी ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

पिशवीत आधीपासून एक गंजलेली पत्र्याची रंगपेटी होती. पूर ओसरल्यावर जानूच्या धाकट्या भावाचा, हैबतीचा देह नदीच्या खालच्या वळणावर सापडला, तेव्हा ती त्याच्या कमरेला पंच्यात घट्ट बांधलेली होती.