एफीच्या नाण्याचा नंबर

एफीचं नाणं हरवल्याचं मर्डोक गिलिसला मंगळवारी सकाळी कळलं. प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या कुण्या बाईचा निरोप होता : "डबा मिळाला. आतली वही मिळाली. नाणं नाही."

मर्डोकची बायको एफी वारून चौदा महिने झाले होते. नाणं तिने नऊ वर्षांपूर्वी सोडलं होतं. रानात, पुलाखाली, कुंपणाच्या पोकळ खांबात लोक डबे लपवतात आणि दुसरे ते शोधून काढतात. डब्यात असं नाणं मिळालं की ते पुढच्या डब्यात नेऊन टाकायचं. नाण्यावर नंबर असतो. तो साइटवर घालून नोंद केली की नकाशावरची रेघ पुढे सरकते. नाण्याच्या पानावर एफीने लिहिलं होतं, "दहाही प्रांत बघ आणि घरी ये." कॅनडाच्या दहापैकी नऊ झाले होते. न्यूफाउंडलंड तेवढं उरलं होतं, आणि नाणं नॉर्थ सिडनीच्या धक्क्यापाशी, तिकडे जाणाऱ्या फेरीबोटीपासून दोनशे पावलांवरच्या त्या डब्यात असायला हवं होतं.

मर्डोक आपल्या ट्रुरो गावाहून साडेतीन तास गाडी चालवत तिथे गेला. सगळी दुपार गुडघ्यांवर रांगला. चिखल आणि प्लॅस्टिकचा एक डायनासोर घेऊन परत आला.

तीन आठवड्यांनी एका सकाळी नाण्याच्या पानावर नोंद उमटली : "आज न्यूफाउंडलंडच्या धक्क्यावर पाहिलं. तब्येत उत्तम." मर्डोकला इतका आनंद झाला की त्याने एकट्यासाठी चार अंडी फोडली. ती तव्यावर असतानाच दुसरी नोंद आली. व्हँकुव्हरहून.

एकच नाणं एका सकाळी देशाच्या दोन्ही टोकांना. म्हणजे नोंदी खोट्या. नाण्याच्या मालकाला खोटी नोंद खोडता येते, आणि मर्डोक त्यासाठीच ट्रुरोत प्रसिद्ध होता. पण व्हँकुव्हर खोडायचं तर न्यूफाउंडलंडही खोडायला हवं. मग एफीची रेघ पुन्हा नवव्या प्रांतात येऊन थांबणार. त्याच्याने खोडवेना आणि तसं ठेववेना. शुक्रवारपर्यंत एकोणीस नोंदी झाल्या. एक तर विनिपेगमध्ये दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतून केलेली होती.

शनिवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये या छंदाच्या मंडळींची न्याहारी असे. एफी गेल्यापासून मर्डोक तिकडे फिरकला नव्हता. नाणं पाहिल्याशिवाय नंबर कळत नाही, म्हणून त्या शनिवारी तो चोर पकडायला गेला.

डॉट कोमो पॅनकेक उलटत होती. तिने पिवळा टी-शर्ट घातला होता आणि छातीवर वीतभर अक्षरांत एफीच्या नाण्याचा नंबर होता. तिच्यामागे आणखी सहा पिवळे टी-शर्ट. तोच नंबर एका कुत्र्याच्या गळ्यातल्या रुमालावरही.

"हे काय आहे, डॉट?"

"नंबर. चष्मा आणलायस ना?"

"नाणं कुठाय?"

"हरवलं. आम्ही दोनदा जाऊन शोधलं. तुला कशाला सांगू, तू तिथेच तंबू ठोकला असतास." तिने पॅनकेक उलटला. "सोडायच्या आधी एफीने ते याच टेबलावर सगळ्यांना दाखवलं होतं. नंबर माझ्या वहीत होता. मग टी-शर्ट छापले आणि सगळ्यांच्या नातेवाइकांना पोस्टाने पाठवले."

"डॉट, ह्या नोंदी खोट्या आहेत."

"कशा काय? नंबर डोळ्यांनी बघायचा, एवढाच ना नियम? मी हा घालून बोटीत बसले. पलीकडे धक्क्यावर माझ्या बहिणीने वाचला. खोड आता. माझी एक नोंद तू आधी खोडलीयस, विसरले नाहीये मी."

तेवढ्यात ट्रक चालवणारा अल्फोन्स थेरिओ पुढे आला. "टी-शर्ट धुतला की जातो," तो म्हणाला आणि त्याने बाही वर केली. दंडावर नंबर गोंदवलेला होता, कायमचा.

मर्डोकने चष्मा लावला. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"अल्फोन्स, चौथा आकडा चुकलाय."

अल्फोन्सने मान वाकडी करून दंडाकडे पाहिलं.

"तरीच," अल्फोन्स म्हणाला. "मी दंड बघून नोंदी करतोय आणि मॅनिटोबाचा एक माणूस आठवडाभर विचारतोय. म्हणे, माझं नाणं माझ्या कपाटात आहे, ते तुमच्याबरोबर ट्रकमध्ये कसं फिरतंय?"

डॉट उलथनं हातात घेऊन हसत हसत जमिनीवरच बसली. मर्डोकला टेबल धरावं लागलं. मेपलचा पाक सांडला, कुत्रा धावला, आणि मर्डोक हसत राहिला. चौदा महिन्यांत तो असा हसला नव्हता.

शेवटी त्याने डोळे पुसले.

"काम अर्धंच झालंय," तो म्हणाला. "घरी ये, असंही लिहिलंय तिने. ज्याच्या अंगावर नंबर आहे त्याने माझ्या घरी यायचं. स्वयंपाकघरात बसायचं, चहा घ्यायचा. नाहीतर एकूण एक नोंद खोडतो."

"अल्फोन्सनेसुद्धा?" डॉटने खालूनच विचारलं.

"त्याने मॅनिटोबाला जायचं."

डॉट त्याच दुपारी माशांचं सूप घेऊन आली. पुढच्या आठवड्यात कुत्रा आला, मालकासकट. विनिपेगचा माणूस नवे दात घेऊन आला. व्हँकुव्हरचं जोडपं जूनमध्ये आलं आणि तीन रात्री सोफ्यावर झोपलं. अल्फोन्स खरोखरच मॅनिटोबाला जाऊन आला, त्या माणसाबरोबर फोटो काढला, आणि परत येताना थेट मर्डोकच्या दारात ट्रक लावला. प्रत्येकजण आला की मर्डोक स्वतः नोंद करी : घरी पोचलं.

या रविवारी डॉटची बहीण न्यूफाउंडलंडहून आली. टी-शर्टवाले सगळे येऊन गेले. आता फक्त नाणं यायचं राहिलं आहे.