चूलबंद आवतण

“रुसली इहीनबाई, टेकून मेढीला
मान किती देऊ, भात थोडा हंडीला…”

जात्यावर बसलेल्या आईचा तो आवाज आज सकाळपासून गोजराबाईच्या कानात घुमत होता. आईला जाऊन किती वर्षं लोटली. लहानपणी ही ओवी ऐकून ती खुदकन हसायची. आज लेकीच्या मांडवामागं, भाताच्या हंड्यापाशी उभ्या उभ्या तिला त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

कारण शेजारची रत्नाबाई आत्ताच आली होती, आणि एकटी आली नव्हती. म्हातारी सासू, दोघी जावा, कडेवर एक पोर आणि पदराला लोंबकळत आणखी तीन.

“समद्यास्नी घेऊन आलीस व्हय?” गोजराबाईनं हसून विचारलं, पण नजर भाताच्या हंड्याकडं गेली.

“मग! चूलबंद आवतन धाडलंस आन् वर इचारतीस? माज्या चुलीत आज मांजर निजलंय बघ!”

चूलबंद म्हणजे घरात चूल पेटवायचीच नाही. तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं. गोजराबाईनं तर ‘घरटी एक’ सांगितलं होतं. नवरा गेल्यापासून खाचरात त्या मायलेकीच राबत होत्या. पिकल्या भातातलं निम्मं विकून सगुणाचा शालू, चार भांडी आणि वाजंत्री झाली. उरलं ते हंड्यात होतं. मारुंजीचं वऱ्हाड आणि गावातलं घरटी एक माणूस, एवढ्यांना पुरेल इतकंच. मुठीत मावेल असं बेतलेलं लग्न.

तिनं आवतण फिरवणाऱ्या कोंडाजीला गाठलं.

“कोंडाजीभावजी, मी तुमाला काय सांगितलं हुतं?”

कोंडाजीनं पागोटं काढून हातात घेतलं. “पैल्या दारात उभा ऱ्हायलो, वयनी. घरटी एक म्हनायला तोंड उघडलं. पन आमच्या भिवाजीदादानं ज्याच्या कार्याला लाकडं फोडली न्हाईत, असं घर हाय का गावात? जीभ वळलीच न्हाई. चूलबंद म्हनून बसलो. आन् एका दारात तसं म्हनल्यावर दुसऱ्या दारात येगळं कसं म्हनू?”

मेलेल्या नवऱ्याचं नाव ऐकून तिचा राग तोंडातच विरला. ह्या माणसाला आता काय बोलायचं?

सुपारी फुटली तेव्हा विहीण रंभाबाईनं हुंडा मागितला नव्हता, मानाचं लुगडंही नाही. एकच बोलली होती, “माज्या मानसांची पंगत पैली. मान म्हंजी मान.” म्हणजे आधी वऱ्हाड जेवणार. ते उठलं की गावची पोरंबाळं कोरड्या पत्रावळीवर बसणार, आणि ते हसं सगुणाच्या पाठीमागं सासरच्या उंबऱ्यापर्यंत जाणार. जन्मभर ऐकावं लागेल तिला. ‘हिच्या लग्नात गाव उपाशी उठलं.’

मुहूर्त जवळ आला तरी वऱ्हाड येईना. कुणी सांगत आलं, ओढ्यावर गाड्या सोडून बसलंय.

“वाटंतच रुसली जनू इहीन,” रत्नाबाई म्हणाली. “त्या बाईच्या नाकावर माशी बसत न्हाई म्हनं.”

शेवटी घुंगुरमाळा वाजल्या. अक्षता पडल्या. गोजराबाईचा दीर भैरू, त्यानं पाट-पत्रावळी मांडल्या आणि हात जोडले, “चला मंडळी, वऱ्हाड बसू द्या.”

एकही वऱ्हाडी हलला नाही. मांडवाच्या मेढीला पाठ लावून रंभाबाई उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, ओठ घट्ट मिटलेले.

“आमी न्हाई बसत.”

वाजंत्री थांबली. गोजराबाई धावत आली. “काय चुकलं, इहीनबाई?”

“आधी तुमचं गाव जेवू द्या. शेवटल्या पोराच्या मुखात घास गेला, की माजं मानूस पाटावर बसंल. ऐकायचं नसंल, तर बैलं जुपायला सांगते.”

“आवो, ही कुटली रीत?” भैरू तडकला. “पैल्या पंगतीचा मान तुमीच मागितला हुता!”

“मीच मागितला. मीच मोडला.”

“लुगड्यावर रुसली असती तर बरं झालं असतं, बाई,” रत्नाबाई पुटपुटली.

गोजराबाईला वाटलं, हिला कुणीतरी सांगितलंय. रिकामा हंडा चारचौघांत दाखवायचाय हिला. मुंडावळ्यांआडून सगुणा आईकडं बघत होती. त्या नजरेनंच ती हलली. तिनं पदर खोचला आणि भाताची पाटी कमरेवर घेतली.

गाव बसलं. आधी अवघडून, मग भुकेनं. गोजराबाई वाढत राहिली. म्हाताऱ्यांना आमटी जास्त, पोरांना लापशी जास्त. कुणी नको म्हटलं तरी हात आखडला नाही. आता आखडून काय होणार होतं? शेवटचं पोर ढेकर देऊन उठलं, तेव्हा हंड्याचं बूड दिसत होतं.

ती रंभाबाईपुढं जाऊन उभी राहिली. हात भाताच्या पेजेनं चिकट झाले होते.

“इहीनबाई, हंड्यात काई ऱ्हायलं न्हाई. पोरीला बोल लावू नगा. मला काय बोलायचं ते बोला.”

रंभाबाईनं आजूबाजूला पाहिलं. मग तिचा दंड धरून तिला मेढीआड ओढलं आणि तोंड तसंच फुगलेलं ठेवून हळूच म्हणाली, “खिंडीतनं गाव दिसलं. चुली पेटायची येळ, आन् तुमचा मांडव सोडला तर एका बी कौलातनं धूर न्हाई. म्हनलं, एकट्या बाईनं चूलबंद आवतन दिलंय, कसं पुरायचं हिला? म्हून ओढ्यावर गाड्या सोडून वाटंच्या भाकऱ्या खायला लावल्या समद्यास्नी. आता रडू नगा, कुनी बघंल. मला आनखी वाईच रुसू द्या.”