आईचा साबण

आमच्या न्हाणीघरात आईचा साबण वेगळा, करवंटीत ठेवलेला. मी पहिलीत होते तेव्हापासून. तेव्हापासूनच तिची गोधडीही वेगळी. कुशीत शिरायला गेले की म्हणायची, "लांब हो गं, उकडतंय." भर थंडीत! मला वाटायचं, मी तिला नकोशीच. यंदा मी दहावीत गेले आणि आईशी भांडायला शिकले. खाजेनं तिला खुरपायला बसवेना, तेव्हा तिला ओढतच श्रीगोंद्याहून नगरला डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी आत नेऊन तपासलं. लघवीच्या जागेभोवती पांढरे चट्टे होते, कातडी चिरलेली होती. आईनं मान खाली घालून विचारलं, "कोडच ना ओ? लेकीला लागंल म्हनून लई जपलं मी. नऊ वर्सं कुनाला बोलले न्हाई. कळलं तर पोरीचं लगीन कसं जमंल?" "अहो ताई, कोड नाही हे. आणि कोडसुद्धा कुणाला लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "कातडीचा आजार आहे, जन्मभर राहील. पण मलम नेमानं लावलं, तिथं साबण बंद केला, तपासायला येत राहिलात, तर आटोक्यात राहतो." म्हणजे मी तिला नकोशी नव्हतेच! मी आनंदानं उडालेच. घरी येताच मी ती करवंटी साबणासकट उकिरड्यावर भिरकावली आणि आईच्या गळ्यात पडले. ती सवयीनं मागं सरली, मग थांबली. तिचा हात वर आला. पण माझ्या पाठीवर कुठं ठेवायचा, ते तिला आठवेना.